आधी वजन, मग गुडघा: गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांना आणि आरोग्य खात्याला खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, आरोग्य संचालनालयातले अधिकारी, आणि दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं काम बघणारे सगळे,

नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली. गेली २२ वर्षं एका फार्मसीत काउंटरला उभी असते. मी डॉक्टर नाही, नर्स पण नाही, पण आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या चिठ्ठ्या माझ्या हातातून गेल्यात, कोणाची शुगरची गोळी अर्ध्याची एक झाली, कोणाला बीपीची दुसरी गोळी लागली, हे कधीकधी त्यांच्या मुलांच्या आधी मला कळतं. घरी माझी आई आहे, वय ७१. पत्र तिच्यावरून सुचलं, पण तिच्या एकटीसाठी लिहीत नाहीये.

आईची उंची पाच फूट आणि वजन ९२ किलो. आमच्या वाड्यावरून डिचोलीला यायला कदंब बस आहे, तिची पहिली पायरी उंच असते हे सगळ्यांना माहीत आहे. आई आधी पिशवी आत सरकवते, मग डाव्या हाताने दांडा धरते, आणि उजव्या हाताने स्वतःचीच मांडी खालून धरून पाय उचलून पायरीवर ठेवते. पाय तिचा, पण उचलायला हात लागतो. मग एकदा श्वास घेते, आणि मग दुसरा पाय. कंडक्टर ओळखीचा आहे, तो शिट्टी मारायची घाई करत नाही, मागची माणसं पण काही बोलत नाहीत, पण ती जी गप्प उभी असतात ना, ते आईला बोलण्यापेक्षा जास्त लागतं. आता ती म्हणते मला काही आणायचं असलं तर तूच आण, मी येत नाही. देवळात पण नाही येत, पायऱ्या आहेत म्हणून.

गेली आठ वर्षं प्रत्येक तपासणीला तिला एकच वाक्य ऐकायला मिळतं, "मावशी, वजन कमी करायला पाहिजे." सरकारी दवाखान्यात तेच, खाजगीत तेच. मी डॉक्टरांना दोष देत नाही, बाहेर साठ-सत्तर माणसं बसलेली असतात, एका माणसाला तीन-चार मिनिटं मिळाली तर नशीब. पण ते वाक्य बोलून झालं की चिठ्ठीवर काय येतं ते मी रोज बघते. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड ह्या शुगरच्या गोळ्या, बीपीची गोळी, कॅल्शियम, गुडघ्याला चोळायला जेल, आणि दुखलं तर पेनकिलर. वजनासाठी म्हणून त्या चिठ्ठीवर एक ओळ पण नसते. म्हणजे आजाराचं नाव तोंडाने सांगायचं आणि औषध त्याच्यामुळे झालेल्या बाकीच्या आजारांवर द्यायचं.

आणि ह्यातली एक गोष्ट लोकांना माहीतच नाही. ग्लिमेपिराइडने वजन वाढू शकतं, इन्सुलिनने पण वाढू शकतं. मेटफॉर्मिनने सहसा वाढत नाही. म्हणजे शुगर आटोक्यात ठेवायला जे देतो त्यातल्या काही औषधांनीच काटा वर जातो, मग गुडघे जास्त दुखतात, मग चालणं बंद, मग शुगर परत वर, मग डोस वाढवा. दुसरीकडून पेनकिलर चालूच, आणि शुगर-बीपी असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला पेनकिलर काय करतात हे मी तुम्हाला सांगायला नको. ह्या चक्रात अडकलेली माणसं मी काउंटरच्या ह्या बाजूने बघत आलेय. आधी चालत येतात, मग काठी घेऊन येतात, मग पिलोटच्या म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या मागे बसून येतात, आणि मग एक दिवस त्यांचा मुलगा चिठ्ठी घेऊन येतो.

आता कार्डाबद्दल. दीन दयाळचं कार्ड २०१६ मध्ये आलं तेव्हा आम्हाला केवढा आधार वाटला होता, तो अजून वाटतो. पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कोणालाही, गरीब-श्रीमंत न बघता, तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांच्या घराला चार लाखांपर्यंतचे उपचार. असं सगळ्यांसाठीचं कार्ड तेव्हा किती राज्यांत होतं? माझ्या काकांच्या हृदयात स्टेंट बसला तो ह्याच कार्डावर, आमचं घर कर्जात बुडालं नाही, ते उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच हक्काने लिहितेय.

त्या योजनेत ४४७ प्रोसिजरांची यादी होती. प्रोसिजर म्हणजे काहीतरी कापायचं, बसवायचं, घालायचं. केंद्राच्या आयुष्मान भारतची पण तीच तऱ्हा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या प्रत्येकाला, मिळकत कितीही असो, वय वंदना कार्डावर ५ लाखांचं संरक्षण दिलं, फार मोठी गोष्ट झाली ती, पण ते पण अ‍ॅडमिट झाल्यावरच. अ‍ॅडमिट व्हायच्या आधीचे ३ दिवस, घरी सोडल्यावरचे १५ दिवस, आणि मधला हॉस्पिटलचा मुक्काम. ओपीडी त्यात नाही. माणूस खाटेवर आडवा झाला की कार्ड चालू, उठून घरी चालायला लागला की कार्ड बंद.

लठ्ठपणाचा उपचार चालत्या-फिरत्या माणसावर करायचा असतो. महिन्याला एकदा डाएटिशियन, आठवड्याला दोनदा फिजिओथेरपी, काहींना औषध, आणि हे वर्ष-दोन वर्षं, कधी जन्मभर. ह्यातलं काहीच खाटेवर होत नाही, म्हणून काहीच कार्डात बसत नाही. आयुष्मानच्या यादीत गुडघा बदलायचं ऑपरेशन आहे. असायलाच पाहिजे. पण त्या गुडघ्यावर जे वजन बसलंय ते उतरवायला पैसे कोणी द्यायचे?

गुडघ्याचा एक हिशोब सांगते, मी वाचला तेव्हापासून डोक्यातून जात नाही. २००५ मध्ये अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या वयस्कर, जाड माणसांवर अभ्यास झाला, त्यात दिसलं की अंगावरचं एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. एका पावलाला. म्हणजे आईचे दहा किलो उतरले तर प्रत्येक पाऊल टाकताना चाळीस किलो कमी. आमच्या दारापासून बसस्टॉपपर्यंत तिची किती पावलं होतात ते मी मोजलं, सव्वातीनशेच्या आसपास. तुम्हीच गुणाकार करा.

लोक म्हणतात म्हातारपणात कशाला वजनाच्या मागे लागायचं, चार दिवस राहिलेत, खाऊ दे. मी पण आधी तसंच म्हणायचे. शिवाय आपल्याकडे जाड बाई म्हणजे खात्यापित्या घरची, तब्येत बरी आहे म्हणतात ते कौतुकाने. आणि त्याच बाईला पाठीमागे म्हणतात, खाऊन खाऊन बसलीय. दोन्ही चूक. आई किती खाते ते मला माहीत आहे, अकरा वाजता उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं, दुपारी शीत-कढी, संध्याकाळी पदेर आला की एक पाव चहात बुडवून, रात्री परत तेच थोडं. मी तिच्यापेक्षा जास्त खाते. पण वय वाढलं की मांस म्हणजे मसल कमी होत जातात, बाईची पाळी गेली की चरबी पोटावर जमते, दुखण्यामुळे हालचाल नाही, आणि एकदा वाढलेलं वजन उतरवायला गेलं की शरीरच भूक वाढवून ते परत मागतं. हा आळशीपणा नाही. डॉक्टर मंडळी पण आता हेच सांगतायत, जानेवारी २०२५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या एका कमिशनने लठ्ठपणाची नवी व्याख्या दिली, की नुसता बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, बघू नका, कंबर मोजा, आणि त्या चरबीने माणसाचे अवयव किंवा रोजचं चालणं-उठणं-आंघोळ बिघडली असेल तर तो स्वतःच एक आजार धरा. आंघोळ हा शब्द वाचून मी थांबले. कारण आई न्हाणीत पाटावर बसू शकत नाही, मी प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय, आणि पाठ मी घासते.

गोव्याची परिस्थिती तर अजून वेगळी आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरचा म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा इंडिएब अभ्यास छापून आला त्यात देशात मधुमेह ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत पहिला नंबर. चार मोठ्या माणसांत एकापेक्षा जास्त. त्याच अभ्यासात देशात पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के. आणि २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरची माणसं ११.२ टक्के होती, तेव्हा देशाचा आकडा ८.६ होता, म्हणजे आपण म्हातारं होण्यात पण पुढे. हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवले की मला तरी सरळ दिसतं की म्हाताऱ्या माणसांच्या वजनाचा प्रश्न देशात सगळ्यात आधी कोणी हातात घ्यायला पाहिजे तर आपण.

पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा. बायका-पुरुष किती जाड आहेत ह्याचे जे आकडे दरवेळी पेपरात येतात ते १५ ते ४९ वयाचे. आई त्या आकड्यात नाही. तिच्या वयाचं कोणीच नाही. माझी पहिली मागणी म्हणून अगदी साधी आणि जवळजवळ फुकटची आहे: प्रत्येक आरोग्य केंद्रात साठीच्या वरच्या प्रत्येक माणसाचं वजन, उंची आणि कंबर मोजून लिहून ठेवा, आणि त्याच्याबरोबर अजून एक, खुर्चीतून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते. त्याला मशीन लागत नाही, एक खुर्ची आणि नर्सचं घड्याळ पुरतं. हे का म्हणते ते पुढे सांगते.

आता औषधांचं. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आपल्याकडे आलं, शुगर आणि वजन उतरवायचं औषध, आठवड्याला एक इंजेक्शन. तेव्हा सगळ्यात कमी डोसची एक बाटली साडेतीन हजार. चार आठवडे म्हणजे चौदा हजार, आणि डोस वाढला की किंमत वाढणार. आईला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार येतात. एका महिन्याच्या इंजेक्शनाला सात महिन्यांचं पेन्शन. आमच्या फार्मसीत पासष्टीचे एक गृहस्थ आले होते, खाजगी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन, किंमत ऐकली, परत विचारली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एकच द्या, बघू काय फरक पडतो." मी त्यांना सांगितलं की एकाने काही होत नाही, पहिला डोस नुसता अंगाला सवय व्हायला असतो. ते गेले, परत आले नाहीत. त्यांच्यासारखी माणसं मग कुठे जातात ते पण मी बघते, फॅट बर्नर म्हणून ऑनलाइन डबे मागवतात, त्यात काय आहे ते डब्यावर नीट लिहिलेलं पण नसतं, आणि मला येऊन विचारतात, हे बीपीच्या गोळीबरोबर चालेल ना.

ही औषधं म्हणजे श्रीमंतांच्या बारीक व्हायच्या हौसेची गोष्ट असं खूप जणांना वाटतं. पण २०२३ मध्ये सेमाग्लुटाइड ह्या तशाच दुसऱ्या औषधाचा सिलेक्ट नावाचा मोठा अभ्यास आला, १७ हजारांपेक्षा जास्त माणसं, सगळी ४५ च्या वरची, आधीच हृदयाचा आजार असलेली, जाड, पण मधुमेह नसलेली, त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मरण हे सगळं मिळून २० टक्क्यांनी कमी झालं. २०२४ मध्ये त्याच औषधाचा गुडघ्याच्या झिजेवर अभ्यास आला, त्यात वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं आणि गुडघ्याचं दुखणं पण चांगलंच कमी झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर हृदयाचा किंवा किडनीचा आजार पण असलेल्यांसाठी ही औषधं आवश्यक औषधांच्या यादीत घातली. पेपरातल्या जाहिरातींवर जाऊन मी हे बोलत नाहीये.

आणि मुख्य म्हणजे सेमाग्लुटाइडच्या आपल्या देशातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची. पेटंट संपलं की आपल्याच कंपन्यांना ते बनवता येतं, आणि फार्मसीत उभं राहून एवढं तरी कळतं की एक माणूस एक पेन घेतो तेव्हाची किंमत वेगळी आणि सरकार हजारोंची टेंडर काढतं तेव्हाची वेगळी. आता वेळ आहे, उद्या म्हणून चालणार नाही.

महागडं इंजेक्शन सरकारने फुकट दिलं असं आधी झालं नाही का? झालंय की, आणि आपल्याच गोव्यात झालंय. २०१८ च्या अखेरीस हार्ट अटॅकवाल्यांसाठी स्टेमी गोवा सुरू झालं, छातीत दुखतंय म्हणून माणूस लहान केंद्रात आला की तिथे ईसीजी काढायचा, तो बांबोळीला जीएमसीतल्या म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातल्या हार्टच्या डॉक्टरांना पाठवायचा, आणि त्यांनी सांगितलं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे, फुकट. किती जीव वाचले असतील. मोठा डॉक्टर बांबोळीला बसलेला, औषध गावात, मधे फोन. हीच पद्धत वजनाला का नको? जीएमसीत एक क्लिनिक, तिथे ठरणार कोणाला औषध द्यायचं, आणि मग महिन्या महिन्याला बघणं, वजन, साइड इफेक्ट, हे गावच्या केंद्रात. ७१ वर्षांच्या बाईला दर महिन्याला दोन बस बदलून बांबोळीला जायला लावू नका, ती नाही जाणार.

पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तुम्ही विचारणार आणि तो बरोबर आहे. मी खोटं बोलणार नाही, ह्याने सरकारचे पैसे लगेच वाचतील असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेतलं उदाहरण ह्यासाठी वाचलं. तिथे म्हाताऱ्या लोकांचा सरकारी विमा आहे, मेडिकेअर. त्यांच्या २००३ च्या कायद्यातच लिहून ठेवलं होतं की वजन कमी करायची औषधं द्यायची नाहीत, केस वाढवायच्या औषधांच्या पंगतीत बसवून. मग २००६ मध्ये बॅरिएट्रिक म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन चालू केलं, २०११ मध्ये फॅमिली डॉक्टरकडचं समुपदेशन चालू केलं, पण मधलं औषध बंदच. कायदा बदलायचं बिल २०१२ मध्ये पहिल्यांदा आलं आणि पडून राहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सरकारने औषधं द्यायचा प्रस्ताव आणला, एप्रिल २०२५ मध्ये पुढच्या सरकारने तो बाजूला ठेवला, आणि त्याच सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपन्यांशी किंमत ठरवून मेडिकेअरमध्ये ती देणार म्हणून जाहीर केलं. त्यांच्या संसदेच्या बजेट ऑफिसने २०२४ मध्ये हिशोब काढला होता, नऊ वर्षांत ३५ अब्ज डॉलर जास्तीचे लागतील आणि बाकीच्या आजारांवरचे वाचतील ते त्यामानाने थोडे. तर पैसे लागतात. पण तो हिशोब तिथल्या किमतीवरचा. किंमत खाली आणली की तेच गणित बदलतं, आणि त्यांनी पण शेवटी किंमत खाली आणूनच दार उघडलं. पण त्या २२ वर्षांत जी म्हातारी माणसं गेली त्यांचं काय. कोणीतरी २००३ मध्ये हे सौंदर्याचं औषध आहे असं ठरवलं, आणि एवढी वर्षं ते तसंच राहिलं. आपल्या योजनेत असं कोणी काही लिहून ठेवायच्या आधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचावं असं मला वाटतं.

आपल्या देशात नियम नाहीत असं पण नाही. खाजगी विम्यासाठी आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ मध्येच ठरवून दिलंय की वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि जोडीला हृदयाचा आजार, झोपेत श्वास अडकायचा गंभीर त्रास किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, आणि साधे उपाय करून झालेले असतील, तर डॉक्टरच्या सल्ल्याने वजनाचं ऑपरेशन विम्यात धरायचं. म्हणजे ज्याने हप्ता भरला त्याच्यासाठी हा आजार आहे हे मान्य झालंय. आईचा बीएमआय ३९ च्या वर येतो, शुगर आटोक्यात नाही, आणि रात्री घोरता घोरता तिचा श्वास अडकतो तेव्हा मी शेजारच्या खोलीत उठून बसते, परत सुरू होईपर्यंत. सरकारी कार्डवाल्यांना पण निदान हेच माप लावा, एवढंच मागतेय. तिला ह्या वयात ऑपरेशन नको असेल, डॉक्टर पण नको म्हणतील, पण मग त्याच मापावर बाकीचे उपचार तरी.

मात्र एक भीती आहे आणि ती तुम्ही गांभीर्याने घ्यावी असं मला मनापासून वाटतं. उद्या समजा इंजेक्शनं फुकट आली आणि नुसती वाटत सुटले, तर नुकसान होईल. म्हाताऱ्या माणसाचं वजन भराभर उतरलं की नुसती चरबी जात नाही, मसल पण जातात, आणि मसल गेले की माणूस पडतो, आणि ह्या वयात खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळ्यांनी आपापल्या घरात बघितलंय. म्हणून ते खुर्चीतून उठायचं माप मी वर मागितलं. आधी मोजा, दर तीन महिन्यांनी मोजा, वजन उतरतंय पण उठणं पण कमी होतंय असं दिसलं तर थांबा. मळमळ, उलट्या, जेवण न जाणं हे पण होतं, पित्ताशयात खडे होऊ शकतात. आणि औषध बंद केलं की वजन परत येतं, एका अभ्यासात वर्षभरात उतरलेल्यातलं दोनतृतीयांश परत आलं होतं. तेव्हा सहा महिने द्यायचं आणि फंड संपला म्हणून बंद करायचं असलं तर कृपा करून सुरूच करू नका, त्यापेक्षा कमी माणसांना द्या पण चालू ठेवा.

आणि औषधाच्या आधी फिजिओथेरपिस्ट आणि डाएटिशियन. २०१७ मध्ये अमेरिकेतच जाड म्हाताऱ्या माणसांवर अभ्यास झाला होता, वजन उतरवताना नुसतं चालणं, नुसते ताकदीचे व्यायाम, आणि दोन्ही मिळून, असं तीन गटांत करून बघितलं, तर दोन्ही करणारे सगळ्यात चांगले निघाले. आपल्याकडे सांगतात काय, "रोज चाला." दुखऱ्या गुडघ्याने कुठे चालणार. खुर्चीत बसून पाय सरळ करायचे, भिंतीला हात टेकून उठ-बस करायची, हे कोणीतरी समोर उभं राहून दोन-तीन महिने शिकवायला पाहिजे, छापलेल्या कागदाने होत नाही.

कागदावरून आठवलं, आईला एकदा एका ठिकाणी डाएट चार्ट मिळाला होता, छापील. सकाळी ओट्स, अकरा वाजता ग्रीन टी, रात्री सूप आणि ब्रोकोली. आईने तो नीट घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवला, डॉक्टरने दिलंय म्हणून, आणि पेज घ्यायला बसली. तिला जर कोणी सांगितलं असतं की पेज अर्धी घे, त्याच्याबरोबर कुळीथ घे, दुपारी शितापेक्षा अळसांद्यांचं तोंडाक जास्त वाढून घे, मुगागाठी कर, बांगडा तळू नकोस, हुमणात घाल, तर ती करेल, तिला हे सगळं येतं. पण रेशनवर तांदूळ मिळतात. प्रोटीन मिळत नाही. जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा नुस्त्याचे दर काय होतात तुम्हाला माहीत आहे, दोन हजार पेन्शनवाली बाई दोन महिने सुका बांगडा आणि शीत खाते. प्रधानमंत्र्यांनी २०२५ मध्ये मन की बातमध्ये सांगितलं तेल १० टक्के कमी करा, आम्ही केलं, मी स्वतः मोजून डबा आणते आता. तरुण माणसाला ते पुरेल कदाचित. ९२ किलोच्या, दोन्ही गुडघे गेलेल्या बाईला ते पुरत नाही. वय वंदना असो की दीन दयाळ, त्या कार्डातूनच म्हाताऱ्या माणसाला वर्षाला ठरावीक डाएटिशियनच्या भेटी आणि फिजिओच्या खेपा मिळाल्या, प्रोसिजर म्हणून नाही तर ओपीडी म्हणून, तर खर्च किती येईल हे तुमच्याकडच्या हिशोबनिसांनी एकदा काढून तरी बघावं.

सगळ्या गोव्यात एकदम करा असं म्हणत नाही. एक तालुका घ्या. डिचोली घ्या, पेडणे घ्या, काणकोण घ्या, जिथून जीएमसी लांब पडतं असा कुठलाही. साठीच्या वरची, बीएमआय ३५ च्या वर आणि जोडीला शुगर, हृदय, झोपेतला श्वास किंवा गुडघे असलेली माणसं निवडा. पहिले सहा महिने नुसता आहार आणि व्यायाम, मग ज्यांना जमलं नाही आणि जीएमसीचे डॉक्टर हो म्हणतात त्यांना औषध, आणि अगदी थोड्यांना ऑपरेशन. दोन वर्षांनी मोजा की किती जण हात न टेकता खुर्चीतून उठतात, किती जणांची इन्सुलिन कमी झाली, किती जणांचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढे गेलं. आकडे वाईट आले तर बंद करा, मी परत पत्र लिहिणार नाही.

आई चवथीला फुगडी घालायची. आमच्या वाड्यावर गणपतीसमोर रात्री बायका जमल्या की पहिला हात तिचा असायचा, जोडीदारीण दमायची पण ही नाही दमायची. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला आम्ही दोघींनी घातली होती, तेव्हा ती ५० ची होती आणि मी हरले होते. गेल्या चवथीला ती माटोळीच्या खाली खुर्चीत बसून टाळ्या देत होती. एका छोट्या मुलीने येऊन तिचा हात ओढला, आजी चल, आणि आईने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, तू घाल बाय, मी बघते. मी नेवऱ्यांचं ताट घेऊन दारात उभी होते, तशीच आत गेले.

तिने मला विचारलं हे पत्र कशाला लिहितेस, आपलं कोण ऐकणार. मी म्हटलं लिहून तर बघू, कार्ड दिलं तेव्हा पण कोणीतरी मागितलंच असेल.

तुमच्या खात्यातून कोणाला काही विचारायचं असेल, आमच्यासारख्यांच्या चिठ्ठ्यांवर काय येतं, लोक काय सोडून देतात, कुठलं औषध परवडत नाही, तर मी सांगेन. आईला दर गुरुवारी शुगरच्या ओपीडीला आणते, नऊच्या आधी पोचतो, दाराजवळच्या बाकावर बसतो कारण तिथून तिला उठायला भिंतीचा आधार मिळतो.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक फार्मसीवाली